मुर्ध्यातला नववा टेक

नववा टेकही गेला. विनोद दारातून आत आला, खाली बघितलं आणि मग डायलॉग म्हणाला. जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीला आम्ही मार्क म्हणतो. नट तिथे थांबला तरच कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतो. पण त्याने खाली बघून ती शोधायची नसते.

"विनोद, मार्क!" मी ओरडले. नऊ वेळा हेच ओरडले होते.

विनोद माझा कॉलेजचा मित्र. जेसल पार्कच्या आमच्या घरात मी मोबाइलवर सहा शॉर्टफिल्म केल्या, सगळ्यांत तोच हिरो. तिथे मार्क नव्हता. "तुला येईल तसं बोल," मी म्हणायचे, आणि तो बोलायचा. त्या बघूनच मला ही पहिली मोठी फिल्म मिळाली. शूटिंग मुर्धा गावात, विनोदच्याच घरात. सीन असा, की मुलगा आईला सांगतो, आपली होडी विकली. आईच्या भूमिकेत एक सीनियर अभिनेत्री होत्या. त्यांना सगळे ताई म्हणायचे.

प्रोड्यूसरने मला अंगणात बोलावलं. "दुसरा ॲक्टर बोलावलाय. जेवणानंतर तो करेल."

"सर, अजून दोन टेक..."

"डायरेक्टर पण बदलता येतो, मॅडम."

मी विनोदला बाजूला घेतलं. मी सांगायच्या आधीच त्याला कळलं.

"जमत न्हाय ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"शर्ट लागंल त्याला," तो म्हणाला आणि तिथेच बटणं काढायला लागला. विनोदचे पाठमोरे शॉट आधीच झाले होते, त्यामुळे तोच शर्ट हवा होता. शर्ट त्याचा स्वतःचा. स्वयंपाकघराच्या दारातून त्याची आई माझ्याकडे बघत होती.

नव्या नटाने दुसऱ्याच टेकला सीन दिला. युनिटने टाळ्या वाजवल्या.

पॅकअपनंतर ताई म्हणाल्या, "त्या पोराला तू मार्क सांगितलास, लाइट सांगितलास. होडी विकून आल्यावर आईसमोर उभं राहताना काय होतं, ते त्याला एकदा तरी विचारलंस?"

विनोदच्या घरची होडी खरंच विकली गेली होती. सीन मी त्यावरूनच लिहिला होता.

फिल्म झाली, पुढचं कामही मिळालं. विनोद फोन उचलतो, नीट बोलतो. घरी ये म्हणत नाही. मीही विचारत नाही.

आता नट अडखळला की मी मॉनिटर सोडून त्याच्याजवळ जाऊन बसते. लोक म्हणतात, हिला ॲक्टर सांभाळता येतात. येतात. ते शिकण्यात एक मित्र खर्ची पडला.