पुलाअलीकडे थांबलेली माणसं

"तो पूल काढून टाका," पब्लिशरचा माणूस फोनवर म्हणाला. "आणि ती मुलगीपण."

मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. हातात राहिला असता तर भिंतीवर गेला असता. समोर आमची डिझायनर केतकी बसली होती. गेममधली ती मुलगी तिनेच रेखाटलेली.

आमचा गेम छोटा आहे. नाशिकच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात केलेला. निम्मं कोडं, निम्मा रोल-प्लेइंग. म्हणजे तुम्ही स्वतः त्यातलं एक पात्र होता, सोबती जमवता, गावोगाव फिरता. फक्त आमच्याकडे वाट तलवारीने मिळत नाही, कोडं सोडवून मिळते. किंमत मेथीच्या दोन जुड्यांएवढी. ती मी ठरवलेली नाही. मी मेन रोडला हातगाडीवर मोबाइलची कव्हरं विकून वर आलेला माणूस, मी दुप्पट सांगत होतो. पब्लिशर, म्हणजे गेम बाजारात आणणारी कंपनी, म्हणाली, "कोडंच तर आहे, एवढे कोण देणार?" ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

तर पूल. गेममध्ये सगुणा नावाची मुलगी तुमच्याबरोबर असते. झाडपाला लावून जखमा बऱ्या करते, वाटेत अखंड बडबडते. नदीवरच्या पुलाचे दगड फिरवून जुळवले की ती पलीकडे आपल्या घरी निघून जाते. "पूल जुळला की मी जाते," असं आधीच सांगून ठेवते. खेळणारे नेमके तिथेच थांबत होते. धंद्यात याला ड्रॉप-ऑफ म्हणतात.

"कोडं अवघड झालंय," पब्लिशरचं निदान. "शुक्रवारपर्यंत काढा. नाहीतर गेम स्टोअरवरून उतरवू."

फोन बंद झाल्यावर माझा सगळा राग केतकीवर निघाला.

"कशाला एवढं अवघड केलंस?"

"सर, माझ्या बाबांनी चहा संपायच्या आत सोडवलं."

"मग लोकांना अक्कल नाही का?"

तिने ग्राफ उघडून लॅपटॉप माझ्याकडे वळवला. थांबलेली माणसं गेम रोज उघडत होती. दगड फिरवत होती आणि बंद करत होती. वैतागलेलं गिऱ्हाईक रोज दुकानात येत नाही, एवढं मला कळतं.

गेममध्ये मदतीसाठी माझाच व्हॉट्सॲप नंबर आहे. वेगळा माणूस परवडत नाही. न ऐकलेले मेसेज उघडले. एका बाईंचा आवाज होता: "दादा, पूल जोडला की ती पोर जाती. परत येती का नाय, तेवढं सांगा."

मी लगेच फोन केला. बाई पंचवटीत भाजी विकत होत्या. तशीच गाडी काढली.

मावशी पालेभाजीवर पाणी शिंपडत बसल्या होत्या. "कोडं जमतं ना तुम्हाला?" मी विचारलं.

"न जमायला काय झालं?" त्यांनी पदराला हात पुसले, फोन घेतला, भराभर दगड जुळवले. शेवटचा मुद्दाम उलटा फिरवला. "ह्यो असाच ठेवते."

"का पण?"

"लेकीनं घालून दिला हा गेम. नांदगावला दिली तिला. जाताना म्हणली, दुपारचं गिऱ्हाईक नसतं, खेळत जा." त्यांनी एका जुडीची दोरी उगाच आवळली. "एक पाठवली घरातून. आता हिला पण मीच पाठवू?"

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. त्यांनी सरळ भावच विचारला.

"तिला ठेवून घ्यायचं काय घेशील, बोल."

"ठेवता नाही येणार, मावशी. तिचं घर पलीकडे आहे. पण परत आणतो. तीन गावांनंतर."

"तीन? लय लांब. पुढल्या गावात आण."

"गोष्ट बिघडेल."

"मग राहू दे पूल."

"बरं, दोन."

"दोन. पण राहायला आली पायजे, नुसती तोंड दाखवायला नाय. आन येताना रिकाम्या हातानं नको."

"काय आणू दे?"

"ते तिला विचार ना!" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आन ती 'जाते' म्हणती रे. घरातून निघताना असं म्हणतात का?"

मी मेथी घेतली. सवयीने म्हटलं, "एक जुडी वर टाका की."

"गेम मला फुकट दिलता का?"

त्या रात्रीपासून केतकीने परतीचा प्रसंग लिहायला घेतला. पुलापाशी सगुणा आता मागे वळून "येते हं" म्हणते. दोन गावांनंतर दारात उभी राहते, हातात तिच्या अंगणातलं मोगऱ्याचं रोप. पब्लिशरला मी सांगितलं, पूल राहणार. आठवडाभरात माणसं पलीकडे गेली नाहीत, तर खुशाल गेम उतरवा.

अपडेट गेला आणि मी फोन घेऊन बसलो. मावशींचा मेसेज आला: "येते म्हणली. जोडला बाबा पूल." पुढे काही नाही. मी ग्राफ बघायचा सोडून तो मेसेजच पुन्हा पुन्हा ऐकत होतो. दोन दिवसांनी दुसरा आला, एका शब्दाचा. मागे बाजाराचा कालवा होता.

"आली!"

माणसंही पलीकडे गेली. गेम टिकला. पब्लिशरने मीटिंगमध्ये ती आपलीच कल्पना म्हणून सांगितली, आणि किंमत अजून तेवढीच आहे. त्याचं मी बघून घेईन.

माणूस अडकलाय की थांबलाय, हे ग्राफमध्ये दिसत नाही. त्याच्यासमोर जाऊन बसावं लागतं. जाताना पिशवी न्यावी, आणि भाव कमी होईल अशी आशा ठेवू नये.