खरे कोणी सांगायचे

मी लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सहीपलीकडे काही लिहिलेले नाही, आणि वडील तर अंगठाच उठवतात. पुस्तकात यावे असे आमच्याकडे काही घडलेही नाही. पण यंदा स्वातंत्र्यदिनाला आमच्या वसतिगृहात ‘सत्य, अहिंसा आणि श्रद्धा’ या विषयावर मुलांनी बोलायचे होते. बोलणारी मुले छान बोलली. माझे नाव पुकारले तेव्हा मी उभा राहिलो, “मला जमणार नाही” म्हणालो आणि खाली बसलो. या विषयावर मला एकच गोष्ट ठाऊक होती, आणि तिच्यात वडिलांचे बरोबर होते की चूक, हे माझे मलाच ठरवता येत नव्हते. तीच गोष्ट इथे लिहितो. काही कमीजास्त झाले तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

आमचे गाव गोंदियाहून नागऱ्याच्या वाटेने पुढे. घरी धानाची थोडी शेती. स्वराज्य आल्यावर दोन-तीन वर्षांनी खादी घातलेले एक म्हातारे गृहस्थ पायी फिरत गावात आले आणि आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, मुक्कामाला राहिले. माणसाने तीन गोष्टी धरून जगावे, असे त्यांनी वडिलांना सांगितले. सत्य, अहिंसा आणि श्रद्धा. वडिलांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “तिसरी माह्या घरवालीजवळ भरपूर हाये. पहिल्या दोन मी पायतो.”

म्हातारे हसले. वडील मात्र थट्टा करत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बैल हाकायच्या तुतारीची आर, म्हणजे काठीच्या टोकाचा खिळा, उपटून काढला. तेव्हापासून आमची बंडी बाजाराला सगळ्यांच्या मागून पोचू लागली. “भाऊजीचे बैलबी खादीवाले झाले,” असे मामा चारचौघांत म्हणत. धान विकायला गोंदियाच्या गिरणीवर गेलो की वडील आपणहून सांगत, या पोत्यात खालून ओल आहे. तिथला शेठ म्हणायचा, “पटेल, काहे को बताते हो? हम तो हाथ डाल के देखेंगेच.” वडील तरीही सांगत.

इथवर सगळे सोपे होते. घोळ झाला तो माझ्या बहिणीच्या सोयरिकीत.

बहिणीला लहानपणी मिरगी यायची. बोलता बोलता डोळे फिरायचे, दात बसायचे, अंग ताठ व्हायचे. आईने नागऱ्याच्या महादेवाला नवस बोलला आणि दर शिवरात्रीला ती अनवाणी जाऊन बेल वाहून येऊ लागली. हळूहळू मिरगी यायची थांबली. बहीण न्हातीधुती झाली त्यानंतर तर एकदाही आली नाही. गावाला त्या दुखण्याचा विसर पडला होता.

मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी आलो तेव्हा मामांनी एक स्थळ आणले होते. घर चांगले, मुलगा सालस. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही सगळे सपरीत बसलो होतो.

“भाऊजी, उद्या तोंडात मोठी सुपारी धरून बसजा,” मामा म्हणाले.

“काऊन?”

“तोंड भरलेलं राहील म्हनून.”

वडील म्हणाले, “मी आपून होऊन काई काहाडत नाई. पन त्यायनं इचारलं त लपवनार नाई.”

आई सूप खाली ठेवून म्हणाली, “लपवाले हाये काय? महादेवानं बरी केली पोरीले. आता तुमी पावन्यायले मिरगीचं सांगान, म्हंजे देवानं बरी केलीच नाई असं म्हनान. मंग देव खोटा का?”

“देव कायले खोटा होईल?”

“मंग?”

मामा माझ्याकडे वळले. “तू शिकेल हायेस. तू त समजाव आपल्या बापाले.”

मी चाचरत म्हणालो की आता दुखणे नाही, तेव्हा “नाही” म्हटले तर ते खोटे होत नाही. वडील म्हणाले, “हे कोर्टातलं झालं. त्यायच्या घरी पोरगी जानार हाये, खटला नाई.” आणि ते बैलांना पाणी दाखवायला उठले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. बोलणी चांगली चालली होती. बहीण चहाचे ताट घेऊन बाहेर आली तेव्हाच त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने, सगळेच विचारतात तसे विचारले, “पोरीले काई दुखनंखुपनं?”

“कायचं दुखनं, बाप्पा,” मामा म्हणाले.

“लहानपनी मिरगी येत होती,” वडील म्हणाले. “आता बरेच वर्सं झाले, नाई आली.”

बहिणीने प्रत्येकाला चहा दिला आणि आत गेली. पाहुण्यांनी चहा पिऊन “कळवतो” म्हटले. ते काय कळवणार हे आम्हाला तिथेच कळले.

ही गोष्ट दोन दिवसांत गावभर झाली. विहिरीवर बायका बहिणीला आधी पाणी भरू देऊ लागल्या, आणि ती गेली की बोलू लागल्या. आमच्याकडे मुलीचे लग्न त्या वयात झाले नाही तर पुढे बिजवराशिवाय कोणी विचारत नाही. मामा तिरमिरून आले आणि अंगणातूनच म्हणाले, “भाऊजी, बैलाची आर काहाडली तुमी, अन् पोरीले लावली.”

वडिलांनी मामांना बसायला खाट तेवढी पुढे केली.

बहिणीने वडिलांशी बोलणे बंद केले. भात वाढायची, पाण्याचा गडवा ठेवायची, कपडे धुवायची, पण एक शब्द नाही. आई दोघांच्या मधे निरोप पोचवत राही.

मोहफुले पडायचे दिवस होते. उजाडता उजाडता आम्ही टोपल्या घेऊन बांधावरच्या झाडांखाली जायचो. एका सकाळी मी पलीकडच्या झाडाखाली वेचत होतो. ती दोघे एका झाडाखाली होती, खाली वाकून, एकमेकांकडे न बघता. वडील म्हणाले, “बाई, मी खोटं बोलाले पायजे होतं का?”

तिने ओंजळभर फुले टोपलीत टाकली आणि बोलली.

“खरं बोलले, त्याचं मले काई नाई. पन ते माहं होतं. मी ताट घेऊन उभी होती अन् तुमी माहं सांगून मोकळे झाले. मले आदी इचारलं काऊन नाई?”

वडील उभे राहिले. त्यांनी कंबरेवर हात ठेवला, जसे ते थकल्यावर ठेवतात. “चुकलं माहं,” ते म्हणाले. “इचाराले पायजे होतं.” आणि पुन्हा वाकत, “यापुढं तू सांगशीन त सांगशीन. नाई त या घरातून कोनी सांगनार नाई. मी पावने आले का बांधीत जाऊन बसीन.”

बापाने मुलीजवळ चूक कबूल केलेली मी तोवर पाहिली नव्हती. मी मान खाली घालून वेचत राहिलो. घरी परतताना बहीण म्हणाली, “बाबा, तुमची टोपली द्या इकडं, जड हाये.” एवढेच.

वडिलांचा हा शब्द ऐकून मामा सर्वांत खूष झाले. पोरगी शहाणी आहे, ती गप्प राहील, असा त्यांचा हिशोब होता. खरे सांगायचे तर माझाही तोच होता.

मग मी नागपूरला कॉलेजात आलो. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा तिरोड्याकडचे एक स्थळ आले. वडील ठरल्याप्रमाणे बांधीकडे, म्हणजे धानाच्या शेताकडे, निघून गेले आणि पाहुण्यांशी बोलायला मामा आणि मी. मुलाची आई सोबत आली होती. जाड आवाजाची, रापलेली शेतकरी बाई. बहीण तिला हातपाय धुवायला मागच्या अंगणात घेऊन गेली. त्या लवकर परतल्या नाहीत. मामा दाराकडे बघत सुपारी कातरत बसले, आणि कातरलेली सुपारी खायचे विसरले.

परत आल्यावर ती बाई खाटेवर न बसता आईसमोर जमिनीवर बसली. “पोरीनं सांगलं मले मिरगीचं,” ती म्हणाली. मामांनी अडकित्ता खाली ठेवला. “येयाच्या आदी तिले कसं वाटते, तेबी सांगलं. आमच्याइथं पोरी इतकं बोलत नाई.”

आई घाईने म्हणाली, “महादेवानं बरी केली हो तिले.”

“केली असन. महादेव पायीलच,” ती म्हणाली. “मीबी पायीन.”

हे आईला चालले. देव खोटा पडला नव्हता. मुलाच्या वडिलांनी घरी जाऊन विचार करतो म्हटले, तेव्हा ती बाई म्हणाली, “जो करायचा तो गाडीत करा,” आणि उठली. वैशाखात लग्न झाले.

तरी माझ्या मनातले गेले नाही. नागपूरला जाता-येता आमची गाडी तिरोड्याला थांबते. खिडकीतून मी नुसता बघत राही. वाटे, नव्या घरात कोणी तिला टोचून बोलत असेल तर? गप्प राहिली असती तर निदान मान खाली घालून राहावे लागले नसते. स्वातंत्र्यदिनाला मी बोलू शकलो नाही ते यामुळेच.

त्या सभेनंतर थोड्याच दिवसांनी मामा डोळे दाखवायला नागपूरच्या इस्पितळात आले आणि मला भेटायला वसतिगृहावर आले. आईने दिलेल्या पोह्यांची पुरचुंडी त्यांनी खाटेवर ठेवली. मग स्वतःही बसले.

“तुह्या बहिनीले मिरगी आली होती,” ते म्हणाले.

मी उभाच राहिलो.

“रोवन्याच्या दिवसात. बांधीत पानी, चिखल. बाया ओळीनं वाकून रोवून राहिल्या होत्या. हे पोरगी तोंडावर पडली पान्यात.” ते थांबले आणि त्यांनी डोळे पुसले, दुखऱ्या डोळ्यांतून पाणी येतच होते. “बरी हाये आता. परत रोवन्याले जाते. घाबरू नको.”

“कोणी उचललं?”

“सासूनं. लग्न झालं तवापासून विहिरीवर, बांधीत, कोठंच तिले एकटी सोडत नाई ते. रोवन्याले त ओळीत आपल्या बाजूलेच उभी करते, दुसऱ्या कोनाले तेथं येऊ देत नाई. पडली तशी केसाले धरून वर काहाडली. पानीसुदा प्याली नाई पोरगी.”

मी घरी कळले का विचारले.

“मीच सांगलं तुह्या बापाले,” मामा म्हणाले. “त्यानं एकच इचारलं, बाजूले कोन होतं. मी म्हटलं, सासू होती. मंग बैल सोडाले गेला.”