जिभाऊंचे धुतलेले मशीन

जिभाऊ कुठलीही वस्तू डोळे मिटून विकत घेत. बेफिकिरीने नव्हे. विळा असो, घागर असो की नाल ठोकायचा हातोडा, ती दोन्ही हातांत घ्यायची, डोळे मिटायचे आणि बोटांनी सावकाश चाचपायची. दुकानदार हसत. जिभाऊ म्हणत, "डोयाले चमक दिसस. बोटेस्ले खरं समजस."

तापीकाठच्या आमच्या गावाला दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यात घोड्यांचा बाजार. त्या बाजारात आजही कुणाचे अवजार कळकट दिसले की म्हणतात, "हाई काय खरजुल्या जिभाऊनं मशीन शे का?" म्हणणाऱ्यांपैकी एकानेही जिभाऊंना पाहिलेले नाही. मी पाहिले आहे. घोड्यांचे केस कातरायचे त्यांचे मशीन साऱ्या मुलुखात सगळ्यांत स्वच्छ होते. खरूज पसरली ती माझ्यामुळे. एवढे एक वाक्य लिहायला मला पन्नास वर्षे लागली. आता ते लिहून झाले आहे, तेव्हा बाकीचेही लिहितो.

आमचा भाग तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. जिभाऊ शहाद्याकडच्या एका बड्या शेतकऱ्याकडे मोतद्दार होते. मालकाने मोटार घेतली, घोडे विकले आणि पन्नाशीला टेकलेले जिभाऊ मोकळे झाले. लोक म्हणाले, मळ्याची राखण करा. त्यांनी मात्र ठरवले की घोडे कातरायचे. थंडीत घोड्याच्या अंगावर दाट केस येतात. त्याखाली घाम वाळत नाही, अंगाला तकाकी राहत नाही. बाजारात उभा करायचा घोडा आधी कातरावाच लागतो. साध्या कात्रीने त्याला दोन दिवस जात. मशीनने एका दिवसात दोन घोडे होत. न्हाव्याच्या मशीनचा थोरला भाऊच तो: दोन लांब मुठी आणि पुढे दातेरी पात्यांची जोडी.

ते घ्यायला आम्ही नंदुरबारला गेलो. मी बावीस वर्षांचा, पाटलाचा मुलगा, थोडे इंग्रजी शिकलेला. पेटीवरची अक्षरे वाचायला म्हणून त्यांनी मला बरोबर घेतले. शेटजींनी तीन मशीने मांडली. एक कोरे विलायती, मखमली पेटीतले. दुसरे त्याचीच स्वस्त नक्कल. तिसरे पलटणीतून मोडीत निघालेले, काळपट, मुठींचा रंग उडालेला. जिभाऊंच्या कनवटीला जे होते त्यात विलायती मशीनची नुसती पेटी आली असती. नक्कल घेऊन टाका, असे मी सुचवले.

"बापू," ते म्हणाले, "आधी धार लावणारा देखू. मंग मशीन."

त्यांनी तिन्ही मशीनची पाती सोडवून मागितली. शेटजी कां-कूं करू लागले तेव्हा जिभाऊंनी डोक्यावरचे पागोटे काढून गादीवर ठेवले. "हाई ऱ्हाऊ द्या तुम्हनाकडे. पाती लई पयाव नही मी." आणि तसेच बोडक्या डोक्याने ते भर बाजारातून चालू लागले. त्या काळी मयताला जाणाराही असा जात नसे. ओळखीची माणसे थांबून पाहत होती. मला लाज वाटून मी चार पावले मागे राहिलो. ते चार पावले मागे राहणे पुढे माझ्या अंगवळणीच पडले.

शिकलगाराने नखाने पात्यांची जाडी पाहिली. नकलेचे पाते त्याने तिथल्या तिथे बाजूला सारले. "ये दो बार घिसेगा, फिर फेंक दो." विलायती पाते चांगले होते, पण तसले दुसरे मिळवायला मुंबईला लिहावे लागले असते. पलटणीच्या पात्यावर मात्र त्याचे नख थबकले. "ये मेरे बाद भी चलेगा. पेंच टूटा तो यहाँ का लोहार बना देगा."

परत दुकानात येऊन जिभाऊंनी पलटणीचे मशीन जोडले, रस्त्यावरची चिमूटभर धूळ पात्यांत सोडली आणि डोळे मिटून ते बरोबर आणलेल्या मेंढीच्या कातड्यावर चालवू लागले.

"जिभाऊ, मशीन लेवाले उनात का मोडाले?" शेटजी ओरडले.

"जे आठे मोडाव नही, ते घोडावर मोडाव नही, शेटजी. न्हाईधुईसन कोन्हाच घोडा येस नही."

तोंडातली बिडी संपेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. मग डोळे उघडून मशीन घेतले, पागोटे बांधले आणि मला म्हणाले, "चाल."

तेव्हापासून ते मशीन आणि घासलेटचा एक डबा असा त्यांचा संसार झाला. एक घोडा संपला की पेच सोडायचा, पाती घासलेटात बुडवायची, कुंचल्याने दात न् दात घासायचा, पुसून तेल द्यायचे आणि मगच थैलीत ठेवायचे. दुसऱ्या कुणाला ते मशीनला हात लावू देत नसत. टांगेवाले टोमणे मारीत, "जिभाऊ, मशीनले रोज आंघोय घालतस, तुम्ही कधय करतस?" जिभाऊ शांतपणे सांगत, "माले खरूज व्हयनी त मी एकलाच खाजवसू. मशीनले व्हयनी त बठ्ठा बजार खाजवी."

यात्रेच्या दिवसांत ते आमच्या खळ्यात उतरत. तिसऱ्या वर्षी व्यापाऱ्यांचे घोडे महिनाभर आधीच आमराईत येऊन थांबले होते. माझ्याकडे एक पांढरीशुभ्र घोडी होती, पंचक्रोशीत तेवढी एकच. तिचे गिऱ्हाईक ठरलेले होते. एक दिवस तिच्या आयाळीखाली अंगठ्याएवढा चट्टा दिसला. मी ओळखला. औषध चोळायला तेवढी जागा कातरायला हवी होती, आणि कुणाला कळू द्यायचे नव्हते. दुपारी जिभाऊ जेवून लवंडले होते. खुंटीवरची थैली मी काढली, गोठ्यात जाऊन काम उरकले आणि मशीन फडक्याने पुसून परत टांगले. घासलेटचा डबा त्यांच्या उशाशी होता. तो घ्यायला वाकलो असतो तर ते जागे झाले असते.

थैलीतले मशीन धुतलेलेच असणार या भरवशावर जिभाऊंनी त्यानंतर एका व्यापाऱ्याचा तांबडा घोडा कातरला. संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "बापू, मशीनमा धवळा केस सापडनात. तू लिधं व्हतं का?"

"छे. वाऱ्यानं उडून आले असतील."

ते माझ्याकडे पाहत राहिले, मग परत गेले. त्यांनी मशीन दोनदा धुतले. पण तांबडा घोडा कातरून झाला होता.

यात्रा ऐन भरात आली आणि त्या घोड्याची मान खरजेने भरली. त्याच्याच दावणीला बांधलेले आणखी दोन घोडे खाजवू लागले. व्यापारी आमच्या ओट्यावर जमले. माझे वडील मध्ये बसले होते. "मशीनमधूनच आली," असे एक जण म्हणाला आणि सगळ्यांनी मान हलवली. जिभाऊ एवढेच म्हणाले, "मन्हं मशीन धुयेल व्हतं." कुणीतरी हसून म्हणाले, "आते तुले खरजुल्याच म्हनाले पाहिजे." सगळे हसले. ठरले असे की या बाजारात जिभाऊंनी पुन्हा घोड्याला हात लावायचा नाही. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिले, सहजच. घोडीचे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होते. मी खाली पाहिले.

त्यानंतर जिभाऊ सरळ आमच्या गोठ्यात गेले. मी धावत मागे गेलो. त्यांनी घोडीची आयाळ उचलली, कातरलेला चौकोन पाहिला आणि तिच्या मानेवर थोपटले.

"आजपशीन गंधक आन् करंजीनं तेल लाव. विकू नको हाई हालतमा. दुसरानी पागा बुडी."

"जिभाऊ, तुम्ही सांगा ना त्यांना. मी नाही म्हणणार नाही," मी म्हणालो. मला वाटले, मी फार मोठे काही देऊ करतो आहे.

ते हसले. "मन्हा तोंडथीन निंघनं त भांडण व्हई, बापू. तुन्हा तोंडथीन निंघनं त खरं व्हई. मी सांजलोंग आमराईना तोंडवर बठेल शे."

ते खरेच बसले. थैली मांडीवर, घासलेटचा डबा शेजारी. दिवसभरात मी तीन वेळा ओट्यावर आलो. तिथून ते दिसत. वडील आत हिशेब पाहत होते. त्यांच्यापर्यंत दहा पावले होती. उन्हे कलली, व्यापाऱ्यांच्या चुली पेटल्या. जिभाऊ उठले, धोतर झटकले, आमच्या घराकडे एकदा पाहिले आणि घाटाच्या वाटेने निघून गेले.

घोडी मी विकली नाही. यालाच मी बरीच वर्षे माझे प्रायश्चित्त समजत होतो.

पुढे एका गाडीवानाकडून कळले की जिभाऊ विसरवाडीला आहेत, येणाऱ्याजाणाऱ्यांचे टांग्याचे घोडे आणि तट्टे कातरतात. मशीन तेच. पुढे आणखी एकाने सांगितले की ते गेले. विसरवाडी काही लांब नव्हती. वडील वारल्यावर तर मला अडवणारेही कुणी उरले नव्हते. तरी मी गेलो नाही.

यंदा यात्रेत एक तरुण व्यापारी कळकट अवजारावरून आपल्या नोकरावर खेकसत होता, "खरजुल्या जिभाऊना वारीस शे का तू? धुई आन ते." मी काठी टेकत त्याच्यापाशी गेलो. म्हटले, मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, तुझ्या शेजाऱ्यांनाही बोलाव. सात-आठ जण जमले. मी उभ्यानेच सगळे सांगितले: घोडी, दुपार, फडके, ओटा. घोडीचा रंगही सांगितला, म्हणजे कुणी म्हातारा उरला असेल तर त्याला आठवावे.

तो तरुण म्हणाला, "आजोबा, मंग आम्हले त्याले काय म्हनानं?"

"जिभाऊ म्हणा," मी म्हणालो. "खरजुल्या मी."

मग मी आमराईच्या तोंडाशी जाऊन बसलो. आता तिथे तीनच झाडे उरली आहेत. दिवस मावळेपर्यंत बसलो आणि मग घरी आलो.