चुन्याचे ठिपके

भिंगारच्या आमच्या मिस्त्रींना कर्जतकडच्या एका भजनी गायकाने फसवलं. त्याच्या हातात इकोची पेटी मी दिली होती, हेही आधीच सांगून टाकतो.

सत्तरनंतरची पहिली दोन-तीन वर्षं. माझा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा, एका कर्ण्यावर उभा केलेला. मुंबईच्या जुन्या बाजारात दोन दिवस हुज्जत घालून मी इको मशीन आणलं. बोललेलं फितीवर धरून पुन्हा पुन्हा ऐकवणारी लोखंडी पेटी. आत काचेचे व्हॉल्व्ह, बाहेर तीन बटणं. ती चालवायला लष्कराच्या वायरलेस दुरुस्तीतून निवृत्त झालेले मिस्त्री.

पेटी सुरू केली की झाकणावर तळहात ठेवून ते गप्प उभे राहत. मी ओरडायचो, "अहो, लोक खोळंबलेत!"

"शेठ, तुमी लगेच तापता. व्हॉल्व्हला येळ लागतो."

मग तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन प्रत्येक बटणाशी एक ठिपका. आवाज किती उशिरा परतावा, किती वेळा, किती मोठ्याने. कार्यक्रम संपला की रुमालाने सगळे ठिपके साफ.

"राहू द्या की, उद्या उपयोगी पडतील."

"उद्याची मानसं येगळी, शेठ. मानसं आवाज पितात. गर्दी झाली की बटन पुढं, पांगली की मागं."

त्या गायकाचा गळा गोड, पण ओळीच्या शेवटी दम पुरायचा नाही. मिस्त्री नेमक्या शेवटच्या अक्षराला बटण चढवत आणि पुढचा शब्द यायच्या आत उतरवत. तुटायला आलेला सूर मंडपभर तरंगत राही. बायका डोळे पुसत, गायक शाल घेई आणि मिस्त्री पेटीमागे चुना मळत बसत.

पारनेरला भर दुपारी मंडप खच्चून भरला होता. कार्यक्रम संपल्यावर गायक म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या हाताची आठवण म्हणून आज ठिपके पुसू नका." म्हातारा लाजला. रुमाल खिशात ठेवला.

आठ दिवसांनी गायक माझ्याकडे आला. "शेठ, पेटी तेवढी द्या. माणूस नको."

मी भाडं वाढवून घेतलं आणि दिली.

कर्जतला पत्र्याची शेड, निम्मी रिकामी. बटणं पारनेरच्या ठिपक्यांवर. आवाजावर आवाज चढत गेला, शब्द बुडाले, लोक खो खो हसले. गायक माईकवरूनच गरजला, "भिंगारच्या मिस्त्रीनं माझ्यावर जळून पेटी बिघडवून पाठवली!"

भिंगारच्या बाजारात लोक विचारू लागले, "काय मिस्त्री, कुनाचा गळा कापला?"

पेटी परत आली तेव्हा त्यांनी ती लावून पाहिली. तळहात झाकणावर ठेवून म्हणाले, "पेटी चांगली हाय, शेठ. तेवढं लोकास्नी कळू द्या." त्यानंतर त्यांनी बटणाला हात लावला नाही.

मी गायकाच्या घरी जाऊन भांडलो. त्याने मला आत घेऊन दार लावलं आणि तो हळूच म्हणाला, "चुकलंच माझं." दाराआड!

पुढे मिस्त्री वारले. पेटी माझ्या माळ्यावर आहे. ठिपके वाळून तडकलेत, मी ते पुसू देत नाही.

गायक अजून आहे, शाली अजून घेतो. त्याने कर्जतच्या त्याच शेडमध्ये यावं. माईक मी फुकट लावतो. उभं राहून सांगावं, पेटी चांगली होती, मिस्त्री खरे होते. इको लावणार नाही. बाबा रे, एकदाच बोल, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोल.