मामांच्या काडेपेटीतले दात

आंबेगाव तालुक्यात माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून, फार तर चालीवरून ओळखतात. आमच्या आश्रमशाळेतले कामाठी मामा तेवढे दातांवरून ओळखत. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, ठाकरवाड्यांमधल्या मुलांची ही निवासी शाळा. मामाही ठाकरच, भाकऱ्यांपासून घंटेपर्यंत पडेल ते काम करणारे. नव्वदीच्या दशकात मी निरगुडसरहून तिथे शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "गुरुजी, उजवीकडनं चावत नाय काय तुमी?" खरंच चावत नव्हतो. तपासणीला आलेल्या एका साहेबांनाही त्यांनी जेवताना हेच विचारलं. साहेब चारचौघांत रागावले आणि निघताना मामांना जीपच्या आडोशाला नेऊन दाढेवरचं औषध विचारू लागले.

मामांच्या स्वतःच्या तोंडात तीनच दात. बाकीचे लहानपणापासूनच्या मिश्रीने खाल्ले, असं ते एखाद्या दूरच्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं सांगत. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर ते फाटकात उभे राहून परतणाऱ्या प्रत्येक मुलाची बोटं हुंगत. भाजलेल्या तंबाखूचा वास आला की डबी जप्त आणि हातात करंजाची काडी. शाळेला ब्रश आणि पेस्ट मिळत, पण पेस्ट गोड, त्यामुळे मुलं ती भाकरीला लावून खात आणि ब्रशाने चपला घासत. मामा मात्र रोज सकाळी फाटकाबाहेर बसून मिश्री लावायचे. मी एकदा टोकलं, तर शांतपणे म्हणाले, "नियम दातास्नी हाये गुरुजी, हिरड्यांस्नी नाय."

त्यांचा सगळ्यात मोठा उद्योग दुधाच्या दातांचा. पडलेला दात आपल्याच घराच्या छपरावर टाकावा, तरच नवा नीट येतो, अशी वाड्यांवरची रीत. शाळेचे पत्रे मामांना चालत नसत. आठवड्याचे दात ते काडेपेटीत जमवत आणि शनिवारी शाळा सुटली की डोंगर चढून ज्याचा त्याच्या घरावर टाकून येत. लिहिता-वाचता येत नसूनही कुठला दात कुणाचा यात त्यांची कधी चूक झाली नाही. मी हसून म्हणालो, सगळे दात सारखेच, कुठलाही कुठेही टाका की. मामा काडेपेटी मिटून म्हणाले, "तुमाला पोरं बी सारखीच दिसत्यात काय?"

मला तेव्हा राग आला होता. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. दंत तपासणीसाठी तालुक्याचे डॉक्टर जीप घेऊन येणार होते, त्याआधी वर्गातल्या प्रत्येक मुलाचं तोंड पाहून मला तक्त्यात नोंद करायची होती. मी पहिल्या नावापुढे 'दात निरोगी' लिहिलं आणि खाली शेवटपर्यंत 'वरीलप्रमाणे'च्या दोन-दोन टिंबांची माळ ओढली. एकाही मुलाला तोंड उघडायला लावलं नाही. त्या टिंबांत जनी होती, आठ वर्षांची, चार दिवस भाकरी आमटीत विरघळवून गिळणारी.

ज्यांच्या नावापुढे तक्रार, त्यांनाच जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात नेणार होते. जीप सुरू झाली तसे मामा जनीचा हात धरून समोर आडवे उभे राहिले. तिचा गाल सुजला होता. डॉक्टरांनी तक्ता दाखवला, गुरुजींनी हिला निरोगी लिहिलंय. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होतो.

"त्यांचा काय दोष नाय," मामा म्हणाले. "म्याच त्येंना सांगाया इसरलो."

दाढेखाली पू झाला होता. आणखी दोन दिवस गेले असते तर पोरीच्या जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी जनी कापसात गुंडाळलेली दुधाची दाढ मिरवत परतली. मामांनी ती काडेपेटीत घातली आणि पेटी माझ्या हातावर ठेवली.

"ह्यो दात तुमी टाकायचा."

शनिवारी मी दीड तास डोंगर चढलो. वाटेत दोनदा रस्ता चुकलो. जनीच्या आईने माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि विचारलं, मामा नाय आलं? मी गवताच्या छपरावर दाढ फेकली. तिने कोरा चहा दिला. मी काय केलं होतं ते तिला सांगायचं ठरवून गेलो होतो, पण चहा पिऊन परतलो. त्यानंतर मात्र दर सोमवारी बॅटरी घेऊन वर्गातलं एकेक तोंड तपासत राहिलो, आणि मामा दारात उभे राहून माझ्या चुका काढत राहिले. खोट्या नोंदीबद्दल त्यांनी मला कधी विचारलं नाही.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. परवा माझी ती उजवीकडची दाढ शेवटी काढली. डॉक्टर ती टाकून देत होते, मी मागून घेतली. आता काडेपेटीत ठेवली आहे. आमच्या घराला स्लॅब आहे. स्लॅबवर टाकलेली चालते का, हे विचारायला कुणी उरलेलं नाही.