तीन पेडलांमधली जागा

ती घटना आठवत नाही असा आठवडा निवृत्तीनंतरही जात नाही. तेव्हा मी महाबळेश्वरहून खाली उतरणाऱ्या घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. घाटातले अपघात आम्हाला रोजचेच. ब्रेक फेल झाला, स्टेअरिंग अडकलं, समोरून म्हैस आली, ही कारणं ऐकून माझे कान किटले होते. चालकाच्या पहिल्या जबाबावर विश्वास ठेवायचा नाही, हा माझा नियम होता. या नियमानं मला खात्यात नाव मिळवून दिलं, हेही कबूल करतो.

वडूजकडच्या एका गावातला जवान सुट्टीवर आला होता. त्यानं एक छोटी, जुनी गाडी विकत घेतली होती. घेऊन पाचच दिवस झाले होते. आईला आणि बायकोला महाबळेश्वर दाखवून तो भर दुपारी घाट उतरत होता. आईचा जन्म माळावर मेंढरांमागे गेलेला. झाडाला लागलेली स्ट्रॉबेरी तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली होती. ती मागच्या सीटवर, मुलाच्या पाठीमागे बसली होती. बायको पुढे, त्याच्या डावीकडे. एका उतारावर गाडी डाव्या बाजूच्या डोंगराला घासत गेली आणि खडकावर आदळून थांबली. बायको जागच्या जागी गेली. आईला मुका मार लागला. जवानाला जवळजवळ काहीच झालं नाही.

"ब्रेक लागला न्हाई सायब," एवढंच तो बोलला.

मोटार वाहन निरीक्षकानं गाडी तपासली. ब्रेक ठणठणीत. दुसऱ्या दिवशी गेलेल्या बायकोचा भाऊ पलूसहून चार माणसं घेऊन ठाण्यात आला. डोळे सुजलेले, आवाज चढलेला. "सायब, दाजींनी मारली माझ्या बहिणीला. मिलिटरीत दहा-दहा चाकी ट्रक चालवत्यात आणि ही डबी आवरली न्हाई व्हय? तिच्या बाजूनंच गाडी कशी घासली? ह्यास्नी खरचटलंबी न्हाई!" खुनाचा आरोप करतानाही त्याच्या तोंडून 'दाजी' सुटत नव्हतं. हे मला त्या क्षणी खटकायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी घाटमाथ्यावरच्या एका चहावाल्याचा फोन आला. अपघाताच्या थोडं आधी हे तिघं त्याच्याकडे चहाला थांबले होते. नवरा-बायकोत काहीतरी बिनसलं होतं. बाई रडत गाडीत बसली. मला आणखी काय हवं होतं?

जवानाला समोर बसवलं. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, नजर भिंतीवर.

"भांडण कशावरून झालं?"

"घरचं हुतं सायब."

"ब्रेक दाबल्यावर पेडल खाली गेलं का?"

"न्हाई. दगडावानी हुतं."

इथं थोडं समजावून सांगतो. ब्रेक खरोखर फेल झाला, तर पेडल सहसा भुसकन खाली जातं. ते दगडासारखं घट्ट होतं, ते बहुधा इंजिन बंद असताना. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे महाभाग मी शेकड्यानं पाहिले होते. मी तोच धागा धरला. इंजिन मुद्दाम बंद केलंस ना? तो 'न्हाई' म्हणत राहिला. साप साप म्हणून मी तीन दिवस भुई धोपटली. शेवटी मी म्हणालो, "बायकोची बाजू बघूनच डोंगराला लावलीस ना?"

तेव्हा पहिल्यांदा त्याची नजर भिंतीवरून हलली. "उजव्या अंगाला दरी हुती सायब," तो म्हणाला आणि ओठ चावत बसला. तो प्रश्न मी विचारायला नको होता.

मग रुग्णालयाचा दाखला हाती आला. त्याच्या दोन्ही तळपायांत काचेचे बारीक तुकडे सापडले होते. म्हणजे गाडी चालवताना त्याच्या पायात काही नव्हतं. त्याचे बूट डिकीत, पिशवीत बांधलेले मिळाले. बायकोच्या चपलाही त्यातच.

मी आवारात उभ्या असलेल्या त्या गाडीत जाऊन बसलो. पुढचं डावं अंग चेपलं होतं, चालकाकडची बाजू शाबूत होती. पायांची जागा अशी की बसणाऱ्यानं गुडघे कुठे ठेवावेत हा प्रश्नच. उजवीकडून चाकाचा फुगवटा आत आलेला, त्यामुळे तिन्ही पेडलं डावीकडे सरकून एकमेकांना खेटलेली. क्लच सोडल्यावर डावा पाय टेकवायला जागा नाही. माझा बूट ॲक्सिलरेटरवरून उचलला की ब्रेकच्या कडेला अडकत होता. एवढ्याशा खबदाडात एखादी वस्तू शिरली, तर तिला जायला दुसरीकडे वाटच नव्हती.

मी पंचनामा पुन्हा काढला. स्ट्रॉबेरीची दोन खोकी, फुटलेली काच, पाण्याची बाटली, आणि खाली एक ओळ: 'चालकाच्या पायाजवळ स्त्रीची चप्पल, नग एक'. त्याखाली माझीच सही होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! हवालदारानं मुद्देमालाच्या खोलीतून चप्पल आणली. टायरच्या तळाची, जाड, मेंढरांमागे फिरणाऱ्या बायका घालतात तसली. तिच्या अंगठ्याजवळ एक खोल, सरळ खाच पडली होती. मी ती ब्रेकच्या पेडलखाली धरली. पेडलची कड त्या खाचेत बरोबर बसली. पाय दाबला. दगड.

जवानाला बोलावून चप्पल टेबलावर ठेवली. आठवडाभर ताठ बसलेला तो माणूस खुर्चीतच खचला.

"तुला माहीत होतं?"

"बोटास्नी लागलं हुतं सायब. टायरचा तळ. तवाच वळखलं. पायानं वढाया बघितलं, आनकीच आत घुसलं."

मग भांडणही कळलं. नवी गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यात पायताण घालून बसायचं नाही, असं आईनं पहिल्या दिवशीच बजावलं होतं. माथ्यावर पाऊस पडून गेला होता. बायको म्हणाली, पाय गारठलेत, चपला घालते. आई रुसली. त्यानं आईची बाजू घेतली. बायको रडली आणि अनवाणीच बसली. आईनं मात्र आपल्या चपला डिकीत द्यायच्या नाहीत म्हणून पुढच्या, मुलाच्या सीटखाली सारल्या. हरवतील, ही भीती.

"सायब, माजी चूक लिवा," तो हात जोडून म्हणाला. "डुलकी लागली म्हणून लिवा. जेल हुंद्या, नोकरी जाऊंद्या. खरं आईला कळाय नगं. ती जगायची न्हाई."

"खोटा जबाब मी लिहून घेणार नाही," मी म्हणालो. कायद्यानं मी बरोबर होतो. आईला नीट, एकटीला गाठून, महिला शिपायाच्या सोबतीनं सांगू, असंही मी त्याला म्हणालो. खरंच तसं ठरवलं होतं.

चप्पल ओळखण्यासाठी आईला ठाण्यात बोलावलं. दोन पंच, मुलगा, आणि पलूसचा तो भाऊही. त्याला बोलावण्याची काही गरज नव्हती. त्याच्या देखत दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी करून दाखवायचं, ही खुमखुमी माझी. म्हातारी अनवाणीच आली. टेबलावर नजर गेली आणि तिचा चेहरा उजळला.

"आगं बया! गावलं व्हय माजं पायताण? दुसरं कुठंय?"

तिनं ते उचललं, खाली ठेवलं आणि पायात सरकवायला लागली. हवालदार पुढे झाला, मी त्याला हातानं थांबवलं.

"कुठं हुतं वं सायब?"

मी तिच्याकडे बघत नव्हतो. मी त्या भावाकडे बघत होतो. आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "ब्रेकच्या पेडलखाली."

तिला लगेच कळलं नाही. तिनं मुलाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मग तिनं पाय हळूच बाहेर काढला, चप्पल पदरानं पुसली आणि होती तिथं टेबलावर ठेवली. रडली नाही. हवालदारानं पंचनाम्यावर अंगठा घेतला, तिनं दिला. पलूसचा भाऊ दाजींच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडला आणि त्यानं आरोप मागे घेतला. न्यायालयात अहवाल गेला, जवान सुटला, पुन्हा नोकरीवर हजर झाला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. मला शरम वाटली, ती आजही वाटते.

निवृत्तीनंतर एकदा वडूजला लग्नाला गेलो होतो, तेव्हा धीर करून तिच्या गावी गेलो. मुलगा ड्युटीवर होता. उन्हानं तापलेल्या अंगणात ती शेळ्यांना पाला टाकत होती, पायात काही नाही. शेजारीण म्हणाली, त्या दिवसापासून घातलंच नाही. तिनं मला ओळखलं, पाणी दिलं.  मग म्हणाली, "सुनंचं पाय गारठलं हुतं सायब. घाल म्हनाया पायजे हुतं म्या."

 गुन्ह्याचा उलगडा करायला मला खात्यानं शिकवलं. पण खरं कुणाच्या पुढ्यात, कुणाच्या देखत आणि कोणत्या आवाजात ठेवायचं, हे माझं मलाच शिकायला हवं होतं. मी ते शिकलो तेव्हा त्याचा तिला काही उपयोग उरला नव्हता.

निघालो तेव्हा ती गाडीपर्यंत आली. मी दार उघडलं तशी म्हणाली, "थांबा वाईच." ती वाकली, आत हात घातला आणि तिन्ही पेडलांखाली चाचपून पाहिलं. एकदा, मग पुन्हा एकदा. हात झटकून उभी राहिली आणि म्हणाली, "जावा आता."