तिसरी किल्ली

२२ मार्च १९८७, रविवार. स्पेनमधल्या कास्त्रोलुएंगो गावात त्या दिवशी जिवंत माणसे एकशे बारा. अंथरुणाला खिळलेली तेवढी सोडून बाकी सारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या ओवरीत थांबली होती. पुलाची माता गावाबाहेर जाऊ द्यायची की नाही, हे ठरवायचे होते.

पुलाची माता म्हणजे मांडीवर मूल घेऊन बसलेली, आठशे वर्षांपूर्वीची लाकडी मरियामाता. तिच्या कोनाड्याच्या लोखंडी जाळीला तीन कुलपे. एक किल्ली पाद्र्याकडे, एक गावप्रमुखाकडे आणि तिसरी पिढ्यानपिढ्या एकाच घरात. तिघे एकत्र आल्याखेरीज जाळी उघडायची नाही. ज्यांनी ही तजवीज केली त्यांना चोराचे फारसे भय नसावे, कारण चोर जाळी तोडू शकतो. त्यांना भय होते ते आपल्यांपैकी कुणी एकाने, चांगल्या हेतूने का होईना, परस्पर निर्णय घेण्याचे.

तिसरी किल्ली दोमितिलाच्या घरी होती. ती तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची, अविवाहित. चर्चच्या मोठ्या दाराची किल्लीही तिच्याकडेच असल्यामुळे सांतियागो तीर्थाच्या वाटेने येणारे यात्रेकरू आणि बसमधून उतरणारे पाहुणे तिचेच दार ठोठावत. ती मसुराच्या भांड्याखालची आच बंद करी, हात पुसे आणि पुढे चालू लागे. आधी पूल, मग यात्रेकरूंच्या जुन्या रुग्णालयाच्या पडक्या भिंती, मग चर्च. तिथे दाराशी थांबून ती प्रत्येकाला, मग तो बिशप असो की भटक्या, एकच वाक्य ऐकवी : "चिखल बाहेर, आवाज बाहेर."

मूर्ती मागायला आला होता तिचा भाचा लेआंद्रो. भाऊ आणि भावजय लवकर गेल्यावर या पोराला तिनेच वाढवले, शिकायला धाडले. आता तो प्रांताच्या राजधानीत एका संग्रहालयात अधिकारी होता. तिथे यात्रामार्गावरच्या मूर्तींचे प्रदर्शन भरणार होते. तीन महिन्यांपुरती माता हवी होती.

"सप्टेंबरच्या सणाआधी मी स्वतः आणून बसवीन," लेआंद्रो म्हणाला.

गावप्रमुख सातुरिओ भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याकडे दुसरी किल्ली. तो म्हणाला, "माझ्या मेव्हण्यानं नांगर असाच नेला होता. आठ दिवसांपुरता. मेव्हणा वारला, नांगर अजून यायचाय."

लोक हसले. लेआंद्रोही हसला. "सातुरिओकाका, मी नांगर न्यायला नाही आलो."

"तेच तर! नांगर दुसरा घेता येतो रे."

फादर अबिलिओंनी घसा साफ केला आणि बिशपांची संमती असल्याचे सांगितले. त्याने कुणाचे मन वळले नाही. बिशपांची संमती नसती तर कदाचित वळले असते. मग दोमितिला ओवरीच्या पायरीवर चढली. सभेत ती कधी बोलत नसे.

"हा माझ्या हातचं खाऊन मोठा झालाय," ती म्हणाली. "तुमच्यासमोर वाढलाय. एमेतेरिया, तुझ्या अंगणातली चेरी चोरायचा आणि संध्याकाळी स्वतःच सांगायला यायचा, आठवतं?"

"येताना तोंड लालच असायचं मेल्याचं," एमेतेरिया म्हणाली. "न सांगून करतो काय?"

"सांगायचा की नाही?"

"सांगायचा."

"मग झालं. मी जामीन."

हात वर झाले. शेवटचा सातुरिओचा. लेखी काही घ्यावे असे कुणी सुचवले नाही. आमच्या गावात परक्याकडून कागद घेतात. घरच्या पोराकडे कागद मागणे म्हणजे त्याच्या आईबापांच्या थडग्यावर थुंकणे. दोमितिलाच्या शब्दानंतर तर ते तिच्याही तोंडावर थुंकणे झाले असते. तीन किल्ल्या फिरल्या. बायकांनी मातेला घोंगड्यांत गुंडाळले आणि गाडी पूल ओलांडून गेली.

उन्हाळ्यात निरोप आला की लाकडाला कीड आहे, उपचार चालू आहेत. ऑगस्टच्या अखेरीस लेआंद्रो आला, एक लाकडी खोके घेऊन. ते त्याने चर्चच्या मागच्या खोलीत उघडले. आत्याला त्याने एकटीलाच बोलावले होते. मूर्ती तशीच होती. तोच झिजलेला गुडघा, गालावरचा तोच तडा.

"ही प्रतिकृती आहे, आत्या," तो म्हणाला. निदान एवढे त्याने लपवले नाही. "खरी तिकडेच राहील. तिथे हवा, उजेड सगळं नियंत्रणात असतं. इथे ती पन्नास वर्षांत भुसा झाली असती."

"तिकडेच म्हणजे किती दिवस?"

"कायमची."

दोमितिला बाकावर बसली. "कधी ठरलं हे?"

तो खोक्यातला पेंढा गोळा करू लागला.

"लेआंद्रो, विचारतेय मी. कधी ठरलं?"

"जानेवारीत."

"आणि ओवरीत तू मार्चमध्ये उभा होतास."

"खरं सांगितलं असतं तर त्यांनी दिली असती का? तुझ्यावाचून त्यांनी दिलीच नसती, आत्या. मी मातेला वाचवलं. येणाऱ्याला जाळीआडून फरक कळायचा नाही. तू फक्त काही बोलू नकोस."

लेआंद्रो लोभी नव्हता. मूर्तीतून त्याला स्वतःसाठी काही मिळाले नाही, आणि किडीबद्दलही तो बहुधा खरेच बोलत होता. पण संग्रहालयाला जे बिशपांच्या सहीने मिळत नव्हते ते एका बाईची गावात जी पत आहे तिच्या जोरावर मिळेल, हे त्याला ठाऊक होते. आणि ही पत किती आहे हे त्याच्याइतके नेमके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? त्याला वाढवतानाच तर तिने ती कमावली होती.

"बाहेर हो," दोमितिला म्हणाली. "मला दार लावायचंय."

आठ सप्टेंबरला मातेचा सण, तिची पालखी पुलापर्यंत नेण्याचा दिवस. सकाळपासून बसगाड्या आल्या, पाहुणे पुलावर, चर्चच्या पायऱ्यांवर गर्दी करून होते. लेआंद्रोसोबत राजधानीचे दोन साहेब होते. प्रतिकृती जाळीआड बसवायची, तर तिन्ही किल्ल्या हव्यात. फादरांनी आपली काढली. सातुरिओने खिशात हात घातला आणि दोमितिलाकडे पाहिले.

"माझी मिळणार नाही," ती म्हणाली. चर्च भरलेले होते आणि तिने आवाज लपवला नाही. "खोक्यात आहे ती आपली माता नाही. आपली माता परत यायची नाही. यांनी ते आधीच ठरवलं होतं. मला माहीत नव्हतं. पण जामीन मी होते."

"आत्या, लोक बघताहेत," लेआंद्रो दबक्या आवाजात म्हणाला.

"मार्चमध्येही बघत होते."

ज्यांच्या खांद्यावर पालखी जायची ते पुरुष धुतलेले सदरे घालून ओळीत उभे होते. त्यांतल्या एकाने विचारले, "मग न्यायचं काय?"

"पालखी न्या," दोमितिला म्हणाली. "जशी आहे तशी."

सातुरिओने टोपी बाकावर ठेवली आणि पुढचा दांडा धरला. "उचला रे! वजन नाही म्हणून कुणी खांदा सोडायचा नाही."

रिकामी पालखी पुलापर्यंत गेली आणि परत आली. वाटेत एका पाहुणीने दोमितिलाला विचारले, मूर्ती कुठे आहे? "मी दिली," ती म्हणाली. लेआंद्रो घाईने पुढे होऊन दांड्याखाली खांदा देऊ पाहत होता. मागचा माणूस पुढे सरकला आणि ती जागा त्याने भरून टाकली.

पुढच्या सभेत दोमितिलाने तिसरी किल्ली ओवरीच्या दगडी बाकावर ठेवली. कुणी हात लावेना.

"घ्या कुणीतरी," ती म्हणाली. "सातुरिओ, तू घे."

"उचल ती," सातुरिओ म्हणाला. "तुझी लाज आम्ही आमच्या खिशात कशाला वागवू?"

तिने उचलली. गाव तिच्याशी वाईट वागले नाही. डुक्कर कापायच्या दिवशी बोलावणे येई, आजारपणात लसणाचे सूप येई. मात्र मत कुणी विचारले नाही, आणि तिनेही कुणासाठी पुन्हा शब्द टाकला नाही. पाहुण्यांना ती पूल दाखवी, रुग्णालय दाखवी, मग रिकाम्या कोनाड्यापुढे नेई. "इथली मूर्ती कुठे आहे?" या प्रश्नाला तिचे उत्तर बदलले नाही. लेआंद्रोची नाताळची भेटकार्डे ती घेई. त्याला घरात घेतले नाही.

२००३ साली ती वारली. लेआंद्रो अंत्ययात्रेला आला, आणि त्या दिवशी त्याला खांदा देऊ दिला. तो गेलेल्या बाईचा मान होता, त्याचा नव्हे. किल्ली एमेतेरियाच्या मुलीकडे गेली.

गावाने माता तीनदा मागितली. तीन महिन्यांसाठी नेलेली मूर्ती राजधानीतच आहे, आणि दोमितिलाने ओवरीत गावाला दिलेला शब्द अजून फिटलेला नाही.